वीस अंशांची जमीन

केबलला हार घातलेला मी पहिल्यांदा पाहिला तो माझ्या ताईच्या गावात. रिठदच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत वळलं की ते गाव लागतं. ताई तिथं सून म्हणून गेली आणि आता तिथल्या बायांच्या हळद गटाची प्रमुख आहे. मी वाशीमला पोरापोरींना वायरिंग शिकवते. केबल हा माझा रोजचा धंदा, आणि रोजच्या धंद्यातल्या वस्तूला कोणी कुंकू लावलं की तिची खोट कुठं आहे ते मला आधी बघावंसं वाटतं. ट्रॅक्टरची पूजा मी पाहिली आहे, बोअरच्या मशीनची पाहिली आहे. पण छातीइतकं उंच लाकडी चाक, त्यावर गुंडाळलेली काळी जाडजूड केबल, वरून झेंडूचा हार, आणि चाकाच्या फळीवरच्या इंग्रजी अक्षरांवरसुद्धा कुणीतरी निगुतीनं ओढलेली हळदीची बोटं, हे नवीनच होतं.

शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं गटाला पत्र्याची शेड, तीन पॉलिशर आणि ही केबल दिली होती. हळद खणून, उकडून, उन्हात वाळवली की तिच्यावर मळकट, खडबडीत साल राहते. ती घासून काढणारा जाळीचा मोठा ढोल मोटरवर फिरतो, तो पॉलिशर. आजवर गावाची हळद व्यापाऱ्याच्या पॉलिशरवर जायची. व्यापारी आधी स्वतःची काढायचा, मग ओळखीच्यांची, मग उरलेल्यांची. तेवढ्यात आभाळ भरून आलं तर उरलेल्यांची भिजायची. या वर्षी बायांनी व्यापाऱ्याला तोंडावर सांगून टाकलं होतं की आम्ही येत नाही. परतीची वाट त्यांनी स्वतःच बंद केली होती.

पॉलिशर तीनच का, हे संस्थेच्या लोकांना कधी नीट कळलं नाही. त्यांच्या हिशेबानं एक मोठा पुरला असता. ताईनं हट्ट धरला: एक गावठाणातल्या बायांचा, एक बौद्ध वस्तीतल्या बायांचा, एक तांड्यावरच्या बायांचा. एकाच यंत्रापुढं रांग लागली असती तर "आधी कोण" या प्रश्नावर गट पहिल्याच दिवशी फुटला असता. यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत आणि त्यांतले काही मी वाचले आहेत. ताईनं एकही वाचलेला नाही. ती म्हणाली होती, "तीन द्या, नाई तं एकई नको."

पूजेनंतर संस्थेचा सल्लागार बोलायला उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, गळ्यात ओळखपत्र, आवाज गोड. "ही केबल आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बनलेली आहे," तो म्हणाला, "परदेशातल्या कारखान्यांत जी असते तीच. तिन्ही मोटरी एकाच वेळी चालतील. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे स्टेजवर एक बटण दाबतील आणि तिन्ही यंत्रं एकदम सुरू होतील. आणि हा आकडा हवेतला नाही. जमीन वीस अंश धरून शास्त्रीय पद्धतीनं काढलेला आहे."

बायांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "जमीन किती धरलीय म्हणालात?"

"वीस अंश सेल्सिअस."

"कोणत्या गावची?"

तो हसला. वाईट माणूस नव्हता तो. "मॅडम, ते संदर्भाचं मूल्य असतं. सगळ्या जगासाठी एक काहीतरी धरावं लागतं."

शेजारी माजी सरपंच बसले होते. गावात काहीही नवं आलं की त्याच्या शेजारची खुर्ची त्यांची असते. ते म्हणाले, "मॅडम, वाशीमचं वाशीमात. हे इंटरनॅशनल आहे. त्यात आपण काहून बोलायचं?"

मी शेडमधून हळद उकडायच्या कढईचा थर्मामीटर आणला. केबलसाठी चर अर्धा खणून झाला होता. त्याच्या तळाशी, भिंतीत, काळ्या मातीत मी तो खुपसला, वरून माती दाबली आणि चहा प्यायला बसले. सगळे बसले. चहा संपल्यावर सल्लागारानं स्वतःच वाकून पाहिलं. आकडा तिशीच्या बराच वर होता.

"पण हा एप्रिल आहे," तो म्हणाला.

"हळद एप्रिलातच पॉलिश होते."

माजी सरपंचांनी दुसऱ्या चहाची ऑर्डर दिली.

त्या रविवारी मी घरी दोन्ही मानकं शेजारी ठेवून बसले, आपलं भारतीय आणि ते आंतरराष्ट्रीय. लोक मानकं वाचायला घाबरतात. मला ती आवडतात, कारण त्यांत विशेषणं नसतात. "जागतिक दर्जा" हा शब्द एकदाही न येणारं जागतिक दर्जाचं लिखाण मी फक्त तिथंच वाचलं आहे. आणि शेजारी ठेवून वाचली की दोघं सख्खे भाऊ आहेत हे दिसतं. या जातीच्या केबलचं आतलं आवरण नव्वद अंशांपर्यंतची उष्णता सोसतं, हे दोघांनाही मान्य. केबल ताणून बघा, भाजून बघा, पाण्यात बुडवून तिच्यावर वीज सोडा, छळाचे प्रकारही जवळजवळ तेच. फक्त क्रम आणि भाषा वेगळी.

भाऊ वेगळे होतात ते दोन ठिकाणी. एक, रंग. आमच्याकडं लाल, पिवळा, निळा या तीन तारांत करंट असतो आणि काळी न्यूट्रल. त्यांच्याकडं तपकिरी, काळी, राखाडी यांच्यात करंट आणि निळी न्यूट्रल. म्हणजे आमचा वायरमन ज्या काळ्या तारेला भरवशाची समजतो तीच त्यांच्याकडं झटका देणारी. दुसरा फरक जमिनीचा. ते जमीन वीस अंश धरतात, आपण तीस. हवा ते तीस धरतात, आपण चाळीस. केबल नव्वदच्या वर जाऊ द्यायची नाही. मग माती आधीच जितकी तापलेली, तितकी केबलला तापायला जागा कमी, आणि तितका करंट कमी. एवढंच गणित आहे. त्याला परदेशही लागत नाही आणि देशाभिमानही लागत नाही.

आपलं मानक तीसवर थांबतं, आणि आमची माती एप्रिलात तिथं थांबत नाही. शिवाय ती नुसती तापत नाही, फाटते. हाताचा पंजा आत जाईल अशा भेगा पडतात, आणि त्या भेगांत केबल मातीला न टेकता लोंबकळत राहते. तिची उष्णता घ्यायला शेजारी कोणी नसतं. राष्ट्रीय मानकातलं राष्ट्र आमच्या तालुक्यापर्यंत येता येता जरा दमतं, असं माझं जुनं मत आहे. पण न्यायानं सांगायचं तर दोन्ही मानकांत हेही लिहिलेलं आहे की तुमची जमीन वेगळी असेल तर आकडा खाली आणा, किती आणायचा तेही दिलं आहे. म्हणजे दोष मानकाचा नव्हता. पहिलं पान वाचून हार आणायला गेलेल्यांचा होता.

मी गणित केलं. आमच्या मातीत ती केबल दोन पॉलिशर चालवू शकत होती. तीन नाही.

हे मी सल्लागाराला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, बरोबर आहे तुमचं. पण बटण एकच आहे."

"म्हणजे?"

"एकदम तीन सुरू व्हायला पाहिजेत. व्हिडिओ आहे. पाच मिनिटं तर चालवायचीत. नंतर तुम्ही दोनच चालवा."

एवढा प्रामाणिक माणूस अशा संस्थेत फार दिवस टिकत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

ही बातमी गावात पोचली आणि माजी सरपंच एका दुपारीत स्वदेशी झाले. मी गेले तेव्हा पारावर त्यांचं चालूच होतं. "म्या तवाच म्हणलो होतो, परदेशी माल आपल्या मातीत चालत नाई. मॅडमनं सिद्ध करून दाखवलं. आपलं ते आपलं!" त्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडून त्यांनी नमुन्याला भारतीय केबलचा तुकडाही आणून ठेवला होता. त्यावर मानकाचा शिक्का ठळक छापलेला. शिक्क्याबरोबर परवान्याचा क्रमांक लागतो. तिथं कोरी जागा होती. नखानं ओढलं तर शिक्काच बोटाला लागला.

"ही घेऊन जा परत," मी म्हणाले.

"काहून? भारतीय आहे ना?"

"शिक्का भारतीय आहे. केबल कुठली आहे ते कोणालाच माहीत नाही. ती परदेशी केबल याच्यापेक्षा शंभर पटीनं चांगली आहे."

"मंग तुमी नेमक्या कोणाकून आहा?" त्यांनी खरोखर गोंधळून विचारलं. पारावर बसलेले सगळे माझ्याकडं बघू लागले. मी कोणाकडूनच नव्हते, पण आमच्याकडं असं सांगितलं की लोक तुम्हाला दोन्हीकडचे फितूर समजतात. तसंच झालं.

तिथून मी शेडवर गेले आणि पाहते तर केबल टाकून चर बुजवून झाला होता. हे काम गावच्या वायरमननं केलं होतं. तो माझ्याच वर्गात शिकलेला, आता पोटावर सदरा ताणलेला, दोन मुलांचा बाप. मी पॅनेलचं झाकण उघडलं. त्यानं काळी तार न्यूट्रलला आणि निळी करंटला जोडली होती.

"दुसऱ्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर काय केलंय?"

"तिकडंई तसंच, मॅडम. काळी न्यूट्रल."

दोन्ही टोकांना एकच चूक केली की ती पद्धत होते. यंत्रं फिरली असती. उद्या दुसरा कोणी, केबलवरचं मानक वाचून, निळ्या तारेला निर्धास्त हात लावणार होता, एवढाच प्रश्न. तारांना खुणेला लावायच्या रंगीत चिकटपट्ट्यांसाठी मी पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात पॅनेलच्या बाजूला ताज्या मातीचा गोल उंचवटा दिसला.

"हे काय आहे?"

"उरलेली केबल," तो अभिमानानं म्हणाला. "वाया नाई जाऊ देली. वेटोळं करून गाडून ठिवलं."

हे मात्र कोणत्याही मानकात सापडणार नाही. आमच्या भागात मोटरची केबल कापत नाहीत. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटर खाली सोडावी लागते, आणि कापलेली केबल जोडली की तो जोड पाण्यात दगा देतो. म्हणून उरलेली केबल गुंडाळून स्टार्टरच्या पेटीवर टांगून ठेवायची, हा शहाणपणा इथं घराघरांत आहे. विहिरीवर तो बरोबरही आहे. पण शेड कधी खोल जात नाही. डीपी आधी ठरलेल्या जागेपेक्षा शेडच्या बरीच जवळ बसली, चाकावरची निम्म्याहून जास्त केबल उरली, आणि वायरमननं ती सगळी एकाला एक चिकटवून खड्ड्यात निजवली. आता तिन्ही मोटरींचा करंट त्या वेटोळ्यातून फिरून जाणार होता. एक वेढा दुसऱ्याला तापवणार, दुसरा तिसऱ्याला, वरून एप्रिलची माती. जमिनीत पुरलेली शेगडीच ती.

मी पॅनेलमधले तिन्ही फ्यूज ओढून काढले आणि पिशवीत टाकले.

वायरमन म्हणाला, "मॅडम, असं नका करू."

"हे वेटोळं बाहेर येत नाही तोवर हे फ्यूज माझ्याकडं."

पंधरा मिनिटांत माजी सरपंच आले, मागोमाग निम्मं गाव, आणि हातावरचं पीठ झटकत ताई.

"मॅडम, पिशवीतले फ्यूज द्या," माजी सरपंच म्हणाले. "हे गावाचे आहेत."

"गाव जळल्यावर कोणाचे?"

"तुमी आमच्या कार्यक्रमात बिब्बा घालून राह्यल्या. पाव्हणे येऊन राह्यले, मंडप सांगतला, जेवणाचं सांगतलं. पाच मिन्टं चालवू द्या ना वं बाई!"

"मंडपातलं जेवण होईल. त्याला फ्यूज लागत नाही."

कोणीतरी मागून हसलं. ताई हसली नाही. ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मले साधं सांग. चालते का नाई?"

"दोन चालतील, ताई. तीन नाही. वेटोळं काढून सरळ केबल ठेव, दोन यंत्रं वर्षानुवर्षं चालव."

"दोन." तिनं तो शब्द तोंडात फिरवून पाहिला. "मंग तिसरं कोणतं बंद ठिऊ? तू शिकलेली हायेस, तूच सांग. तांड्याचं ठिऊ? का वस्तीचं? का आमचंच बंद ठिऊन मी लय मोठी म्हणून मिरवू, अन् आमच्या आळीतल्या बाया मले घरात घुसून शिव्या देतीन ते ऐकू?"

"पाळीपाळीनं चालवा."

"पाळी कोण ठरवन? म्या ठरवली तं म्हणतीन, पाह्य, शेवटी आपल्याच लोकाईची आधी. त्या व्यापाऱ्यानं तेच केलं ना इतके वर्स? मंग त्याच्यात अन् माह्यात फरक काय राह्यला?"

मानक उष्णतेबद्दल बोलतं, पाळीबद्दल बोलत नाही. दोन यंत्रं चालवा, हा माझा सल्ला तंत्राच्या दृष्टीनं बिनचूक होता आणि त्यानं ताईचा गट आठवड्यात मोडला असता. मागं बाया तीन घोळक्यांत उभ्या होत्या, आणि एरवी मिसळून उभ्या राहणाऱ्या बाया त्या क्षणी तीन वेगळ्या का झाल्या होत्या, ते मला दिसत होतं. आकडा त्यांच्यापर्यंत पोचला होता.

मी खाली बसून त्या उंचवट्याकडं बघत राहिले. बराच वेळ गेला असेल, कारण माजी सरपंचांनी खुर्ची मागवली. मग मी वायरमनला विचारलं, "गाडलेली जास्त आहे का टाकलेली?"

"गाडलेली जास्त."

"मग ती काप."

तो दचकला. "कापू?"

"काप आणि तिची दुसरी ओळ टाक. डीपीपासून पॅनेलपर्यंत शेजारी शेजारी दोन केबली. करंट दोघींत वाटला जाईल. तिन्ही मोटरी चालतील. मधे जोड कुठंच नाही, फक्त टोकं वाढतील."

"मॅडम, आख्खी केबल हाय. कापली की गेली. आपल्याकडं कोणी कापत नाई."

"इंटरनॅशनल केबल कापाची?" माजी सरपंच खुर्चीतून उठले. थोड्या वेळापूर्वीची स्वदेशी ते विसरले होते. "देणगीची वस्तू हाय! त्या लोकाईले काय सांगाचं? अन् उद्या गावाले लागली तं? डीपी उद्या दूर गेली तं?"

"उद्या डीपी दूर गेली तर उद्याचं उद्या बघू."

"तुमचं काय जाते? तुमी वाशीमले निंगून जासान."

ताईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग वायरमनकडं. "काय लागते कापाले?"

"हॅक्सॉ."

"हाय का?"

"गाडीत हाय, पण काकू..."

"आण."

तो आणायला गेला. माजी सरपंच म्हणाले, "सभा घ्या आधी. ठराव करा."

"ठराव झाला," ताई म्हणाली. "तीन पायजेत. कोणाले दोन पायजेत असतीन तं हात वर करा अन् सांगा, कोणाचं बंद ठिऊ." तिन्ही घोळक्यांतून एकही हात वर गेला नाही. माजी सरपंचांचाही नाही. त्यांच्या सुनेचीही हळद होती.

वेटोळं बायांनीच खणून काढलं. केबल कापताना वायरमन तोंड फिरवून करवत ओढत होता, जसं कोंबडं कापताना काही जण करतात. चर पुन्हा उघडला, रुंद केला. दोन केबलींमध्ये विटेएवढं अंतर ठेवलं, भोवती भेगाळणारी काळी माती न टाकता चाळलेला मुरूम चोपून भरला, वरून विटा. रंगांच्या चिकटपट्ट्या मी स्वतः लावल्या, दोन्ही टोकांना, केबलच्या मानकाप्रमाणे निळी न्यूट्रल करून आणि तिच्यावर आमच्या सवयीची काळी पट्टी बांधून. कोणीही आलं, इथलं किंवा तिथलं, तरी त्याला कळावं.

फ्यूज मी ताईच्या हातात दिले. "आता चालव."

कार्यक्रम रविवारी होता. शुक्रवारी सकाळी अनसिंगकडून आभाळ काळं होत आलं. अंगणाअंगणांत हळद पसरलेली. संस्थेचा निरोप होता की उद्घाटनाआधी यंत्रांना हात लावू नये. ताईनं कोणालाही विचारलं नाही. तिनं फ्यूज बसवले आणि तिन्ही पॉलिशर सुरू केले. दोन दिवस बाया हळद आणत होत्या, आत टाकत होत्या, पिवळी धूळ अंगावर घेऊन पोती बाहेर काढत होत्या. मी सुट्टी टाकून आले होते. दर तासाभरानं पॅनेलजवळ जाऊन दोन्ही केबलींवर तळहात ठेवून बघत होते. दोन्ही सारख्याच कोमट होत्या.

रविवारी पाहुणे आले तेव्हा शेडमध्ये घरघर चालूच होती. सल्लागार धावत ताईकडं आला. "बंद करा, दहा मिनिटं बंद करा. साहेबांनी बटण दाबलं की सुरू करायचं."

"आत तांड्याची हळद हाय," ताई म्हणाली.

"दहाच मिनिटं."

"भरला ढोल मंधात थांबवला तं मोटरीवर जोर पडते. कोणाचा ढोल थांबवू?"

"सगळे थांबवा ना, एकदम."

"एकई थांबत नाई." तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. "साहेबाले म्हणा, दाबा तुमचं बटण. त्याच्यानं आमचं काई बिघडत नाई."

सल्लागारानं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. बटणाची वायर त्यानं स्वतःच पॅनेलपर्यंत आणून ठेवली होती. ती कशालाच जोडलेली नव्हती आणि आता कोणी जोडणारही नव्हतं.

भाषणं झाली. एकानं आंतरराष्ट्रीय मानकाचा गौरव केला असणार, माजी सरपंचांनी भारतीय मातीचा. यंत्रांच्या आवाजापुढं दोघांचेही ओठच तेवढे हलताना दिसत होते. मग पाहुण्यांनी फुलांनी सजवलेल्या पाटीवरचं बटण दाबलं, फोटोसाठी दाबून धरलं, आणि वळून सल्लागाराच्या कानाशी विचारलं, "चालू झाली का?"

"झाली, सर!" तो ओरडून म्हणाला.

मी आत गेले. तांड्याच्या ढोलाजवळ पोतं धरायला एक माणूस कमी पडत होतं.